अहवाल आधी लिहा, अर्ज नंतर: प्रादेशिक कलेसाठी सार्वजनिक निधी मागताना

छाननी समितीच्या बैठकीत मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा शेजारचे जुने सदस्य काय करतात ते बघत होतो. त्यांनी अर्ज उचलला, पहिली चार पानं तशीच उलटली आणि थेट अंदाजपत्रकावर आले. पेन्सिलीने दोन आकड्यांखाली रेघ मारली, मग मागे येऊन पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. चहाच्या वेळी मी कारण विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की शब्द सगळ्यांचेच गोड असतात. पैसे कुठे जाणार ते कळलं की माणूस खरंच काय करणार ते कळतं.

त्याआधी बरीच वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होतो, अर्ज लिहिणाऱ्यांत. तेव्हा मला वाटायचं की आपली कला किती थोर आहे हे पटवलं की काम झालं. दोन्ही बाजूंना बसल्यावर समजलं ते वेगळंच. अर्जात लिहिलेलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मंजुरीपत्रात अट होऊन परत येतं आणि वर्षाअखेरीस पुरावा मागतं. म्हणून माझी पद्धत उलटी आहे: शेवटचा अहवाल आधी लिहायचा आणि त्यातून अर्ज काढायचा. पण त्याच्याही आधी, पैसे देणारं कोण आहे ते बघायला हवं.

पायरी १: समोर कोण बसलंय ते ओळखा

‘सरकारी अनुदान’ असं आपण सरसकट म्हणतो, पण पैसे देणारी खुर्ची तीन वेगवेगळ्या ठिकाणी असू शकते. खुद्द मंत्रालयाचं खातं, सरकारी पैशावर चालणारं पण निर्णय स्वतः घेणारं स्वायत्त मंडळ, किंवा एखाद्या प्रदेशासाठी मुद्दाम उभी केलेली संस्था. तिघांची भाषा वेगळी, घाई वेगळी, भीतीही वेगळी.

हा प्रकार कसा घडत गेला ते ब्रिटनच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं. १९४० मध्ये, ऐन युद्धात, तिथे संगीत आणि कलांना उत्तेजन देणारी एक परिषद सुरू झाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक तिला ‘सेमा’ म्हणत. पिल्ग्रिम ट्रस्ट या खासगी न्यासाने २५,००० पौंड घातले, मागोमाग सरकारनेही हात सैल केला आणि कारखान्यांत, वसतिगृहांत, लहान गावांत गाणं-नाटक पोचू लागलं. १९४२ पासून अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स तिचे अध्यक्ष होते. १९४६ मध्ये तिचीच आर्ट्स कौन्सिल ऑफ ग्रेट ब्रिटन झाली. पैसे सरकारचे, पण कोणत्या नाटकाला ते द्यायचे हे मंत्र्याने ठरवायचं नाही, सरकारने हातभर लांब राहायचं, हे तत्त्व तिथून जगभर गेलं. कॅनडा कौन्सिल (१९५७) त्याच वळणावरची. तिला तर सुरुवातीलाच ५ कोटी डॉलरचा कायम निधी मिळाला होता.

पुढचा भाग प्रादेशिक कलावंतांनी जरा सावकाश वाचावा. पैसा अपुरा, तेव्हा प्रश्न आलाच: थोड्यांना भरपूर देऊन दर्जा उंचवायचा, की सगळीकडे थोडं थोडं पसरायचं? १९५१ च्या अहवालात ब्रिटिश परिषदेने ‘थोडी, पण गुलाबंच’ असा, म्हणजे मोजक्या दर्जेदारांच्या बाजूने, कौल दिला आणि १९५६ पर्यंत स्वतःची प्रादेशिक कार्यालयं बंद करून टाकली. त्याच १९५६ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या लोकांनी आपली वेगळी प्रादेशिक कला संघटना काढली आणि मग तशा संघटना इतरत्रही उभ्या राहिल्या. राजधानीने पाठ फिरवल्यावर प्रदेशाने स्वतःचं दार बसवून घेतलं, असा तो इतिहास आहे.

अमेरिकेत वाटणी नियमातच घातली आहे. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या केंद्रीय संस्थेच्या कार्यक्रम-निधीतले ४० टक्के राज्यांच्या आणि प्रादेशिक कला संस्थांकडे जातात. फ्रान्समध्ये संस्कृती मंत्रालयाचीच प्रादेशिक संचालनालयं आहेत. भारतात संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये आली, आणि १९८५-८६ मध्ये सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं झाली: पतियाळा, उदयपूर, प्रयागराज, कोलकाता, दिमापूर, नागपूर आणि तंजावर. या केंद्रांची आखणी राज्यांच्या सीमा ओलांडून केलेली आहे आणि काही राज्यं एकाहून अधिक केंद्रांची सदस्य आहेत. अशा राज्यातल्या मंडळाला दोन दारं असतात आणि दुसरं दार बहुतेकांना माहीतच नसतं.

आता काम. ज्या संस्थेकडे जायचंय तिचे तीन कागद मिळवा: तिची स्थापना ज्या कायद्याने किंवा सनदेने झाली तो, तिचा चालू बहुवर्षीय आराखडा, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कोणाला किती दिलं त्याची यादी. पहिले दोन चाळले तरी चालतील. यादी मात्र पेन घेऊन वाचा. सर्वांत मोठ्या रकमेकडे दुर्लक्ष करा. यादी रकमेनुसार लावून मधला आकडा बघा. साधारण तेवढंच तुम्हालाही मिळण्याची शक्यता आहे. नवी नावं किती, तेही मोजा. दरवर्षी तीच बारा नावं असतील तर तुमच्यासाठी उरलेला पैसा जाहीर आकड्यापेक्षा फार कमी आहे. मुख्यालयापासून लांबच्या संस्था किती आहेत तेही पाहा. ‘प्रादेशिक समतोल’ हे शब्द आराखड्यात दहा वेळा असतील आणि यादीत एकदाही दिसणार नाहीत, असं घडतं. तरीही अर्ज करायला हरकत नाही. उलट अशा संस्थेला लांबचा, नीट बांधलेला अर्ज हवाच असतो, कारण लेखापरीक्षणात तिलाही हाच प्रश्न विचारला जातो.

पायरी २: कोणत्या जातीचा पैसा हवा ते ठरवा

ठरावीक मुदतीच्या उपक्रमासाठी मिळतो तो प्रकल्प-निधी. संस्था चालवण्यासाठी, म्हणजे जागाभाडं, पगार, तालमी यांसाठी मिळतं ते संस्थात्मक अनुदान. दौऱ्यासाठी वेगळं, नव्या निर्मितीसाठी वेगळं, आणि गुरूकडून शिष्याकडे विद्या जावी म्हणून दोघांना मिळणारं मानधन आणखी वेगळं. भारतातली क्षेत्रीय केंद्रं गुरु-शिष्य परंपरेच्या नावाने अशी योजना चालवतात. व्यक्तीला थेट पैसे देण्याबाबत देशागणिक टोकाचा फरक आहे. अमेरिकेची वर सांगितलेली संस्था मोजके अपवाद सोडले तर एकट्या कलावंताला अनुदान देत नाही. आयर्लंडने मात्र २०२२ मध्ये २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो असं मूळ उत्पन्न तीन वर्षं देणारा प्रयोग सुरू केला होता, तोही कामाचा हिशेब न मागता.

नव्या मंडळाने प्रकल्प-निधीपासून सुरुवात करावी हे खरं, पण त्याच्या चक्रात अडकू नये. प्रकल्पासाठी प्रकल्प काढत राहिलं की मूळ खेळाची तालीमच थांबते. मला एक लोकगीतांचा संच माहीत आहे, ज्याने चार वर्षांत सहा ‘कार्यशाळा’ घेतल्या, कारण पैसे कार्यशाळांनाच मिळत होते, आणि त्या चार वर्षांत एकही नवं गाणं बसवलं नाही.

संस्थात्मक अनुदान मागताना एक मुद्दा हाताशी ठेवा. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये तो मांडला. कारखान्यात यंत्र बदललं की त्याच माणसांकडून जास्त माल निघतो. पाच जणांचा दोन तासांचा खेळ मात्र शंभर वर्षांनीही पाच जणांनाच दोन तास करावा लागतो. बाहेरची मजुरी वाढत जाते, ती कलावंतालाही द्यावीच लागते, आणि खर्च उत्पन्नाच्या पुढे पळतो. ‘तिकिटावर का भागत नाही’ या प्रश्नाला हे उत्तर रडगाण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पायरी ३: शेवटचा अहवाल आधी लिहा

या पायरीला एक पूर्ण संध्याकाळ द्या. उदाहरण म्हणून बाहुल्यांचा खेळ करणारं एक मंडळ घेऊ: तीन मुख्य खेळिये, दोन साथीदार. बेत असा, की जिथे नाट्यगृह नाही अशा आठ गावांत खेळ करायचे आणि प्रत्येक गावात दोन दिवस मुलांना बाहुली बनवायला शिकवायचं.

कागदावर प्रकल्प संपल्यानंतरची तारीख घाला आणि सगळं होऊन गेल्यासारखं लिहा: ‘आठ गावांत आठ खेळ झाले. दर खेळाला सरासरी १२० प्रेक्षक होते. ९६ मुलांनी प्रत्येकी एक बाहुली पूर्ण केली. दोन साथीदारांनी तीन खेळांत मुख्य भूमिका केली. जुन्या बाहुल्यांपैकी चौदा दुरुस्त झाल्या.’

मग प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहायचा: हे मी कशाने दाखवणार? खेळ झाले, तर यजमान संस्थेचं तारखेसह पत्र. प्रेक्षक १२०, तर ते कोण मोजणार? दारात माणूस उभा करणार की सुरू होताना एका ठिकाणाहून फोटो काढून डोकी मोजणार? ९६ मुलं म्हणजे गावागणिक बारा. दोन दिवसांत एका खेळियाला बारा मुलांकडून बाहुली पुरी करून घेता येते का? आमच्या अनुभवात आठच्या पुढे गेलं की शेवटच्या मुलांच्या बाहुल्यांना हात लागतात, पण डोळे राहून जातात. म्हणजे एकतर दोन खेळिये हवेत, किंवा मुलं ६४.

बघा, अर्जाचा एकही शब्द न लिहिता मनुष्यबळ ठरलं, आकडा खाली आला, आणि ‘मोजणीसाठी एक माणूस’ ही अंदाजपत्रकातली ओळ सापडली. ज्या वाक्यासमोर पुरावा लिहिता आला नाही ते वाक्य काढून टाका. ‘गावांत कलेविषयी जाणीव निर्माण झाली’ हे पहिल्यांदा जाईल. जाऊ द्या.

उरलेली वाक्यं भविष्यकाळात फिरवली की अर्जाचा गाभा तयार होतो.

पायरी ४: कागदपत्रं

फार बोलण्यासारखं नाही, पण सर्वांत जास्त अर्ज इथेच पडतात. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, कार्यकारिणीची यादी, अर्ज करण्याचा ठराव, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, बँक खात्याचा तपशील. सगळीकडे संस्थेचं नाव अक्षरशः एकच हवं. माझा पहिला अर्ज परत आला तो नोंदणीत ‘कला मंडळ’ आणि बँकेत ‘कलामंडळ’ होतं म्हणून. एका मोकळ्या जागेने वर्ष घालवलं. तेव्हा संबंधित कारकुनाला मी मनोमन बरंच बोललो होतो. पुढे कळलं की नाव जुळलं नाही तर पैसे बँकेतूनच परत फिरतात, आणि ते परत आणून दुसऱ्यांदा पाठवण्याची फाइल त्यालाच चालवावी लागते.

पायरी ५: गरज सांगा, स्तुती नको

अर्जांची सुरुवात बहुतेक वेळा अशी असते: ‘मानवी संस्कृतीच्या प्रारंभापासून कलेचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. आमची परंपरा शेकडो वर्षांची असून आज ती लोप पावत चालली आहे. ती जतन करणे काळाची गरज आहे.’ नमनाला घडाभर तेल. चाळीस अर्ज वाचणाऱ्या सदस्याला हा परिच्छेद त्या दिवशी तिसाव्यांदा भेटतो.

त्याच मंडळाने असं लिहिलं तर: ‘या शैलीत पूर्ण रात्रीचा खेळ करू शकणारे तीन खेळिये आमच्याकडे आहेत, सर्वांत तरुण ५८ वर्षांचे. दोन साथीदार अर्धा खेळ करू शकतात. प्रवासखर्च निघत नसल्याने आमचे गेल्या वर्षीचे अकरापैकी नऊ खेळ शहरातच झाले. ज्या बोलीत हे खेळ रचले आहेत ती बोलणारी गावं आमच्यापासून ६० ते १४० किलोमीटर दूर आहेत.’ चार वाक्यांत निकड, कौशल्य, अंतर आणि भाषा आली, आणि ‘लोप’ हा शब्द वापरावा लागला नाही.

सार्वजनिक संस्थेला उत्तर द्यावं लागतं ते तुमचा खेळ पाहायला कधीच न येणाऱ्या करदात्याला. त्याचा प्रश्न साधा आहे: हे पैसे दिले नसते तर काय झालं नसतं? खेळ तसेही होणारच होते, असं वाचणाऱ्याला वाटलं तर अर्ज तिथेच संपला. म्हणून ‘आमचं सगळं उत्तम चाललंय’ हा सूर टाळा. अनेक जण स्वाभिमानापोटी अडचण झाकतात, आणि मागायला तर आलेले असतात. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात कसला स्वाभिमान?

पायरी ६: अंदाजपत्रक

सोयीसाठी एकूण खर्च १०० धरू. बाहुल्यांच्या मंडळाचं जमेल असं अंदाजपत्रक साधारण असं दिसेल.

खर्च: खेळियांचं आणि साथीदारांचं मानधन ३८, प्रवास व मुक्काम १७, बाहुल्यांची दुरुस्ती आणि कार्यशाळेचं सामान ९, ध्वनी-प्रकाश भाड्याने ८, प्रसिद्धी ६, समन्वयक ६, तालमीची जागा ५, चित्रण व मोजणी ५, हिशेब आणि लेखापरीक्षण ३, अनपेक्षित खर्च ३.

जमा: संस्थेकडून मागणी ६२, यजमान गावांचा रोख वाटा १५, तिकीट व देणग्या १०, मंडळाची शिल्लक ८, तालमीची जागा फुकट मिळाल्याचं मूल्य ५.

यातल्या काही ओळींवर थांबतो. मानधन ३८ हा सर्वांत मोठा आकडा आहे आणि तो तसाच असायला हवा. मंडळं हाच आकडा लाजून कमी करतात: ‘आम्ही पैशासाठी करत नाही.’ तुम्ही नसाल करत, पण पुढचा साथीदार करेल की नाही हा प्रश्न आहे. शिवाय एकदा कमी लावलेला दर पुढच्या अर्जात वाढवताना घाम फुटतो.

तालमीची जागा दोन्ही बाजूंना आहे, खर्चातही आणि जमेतही. फुकट मिळालेली गोष्ट फक्त जमेत दाखवली तर ताळा बसत नाही, आणि फक्त खर्चात दाखवली तर तिचे पैसे मागितल्यासारखं होतं. ज्याने जागा दिली त्याचं मूल्यासह पत्र जोडा.

बाहेरून किती आणायचं याचे नियम संस्थेगणिक बदलतात. अमेरिकेच्या केंद्रीय संस्थेच्या बहुतेक अनुदानांत एका डॉलरला एक डॉलर स्वतः उभा करावा लागतो. इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलच्या प्रकल्प-अनुदानात साधारणपणे निदान १० टक्के बाहेरून दाखवावे लागतात. शेवटच्या क्षणी ही अट वाचून ‘अपेक्षित देणग्या’ नावाची काल्पनिक ओळ घालणारे अर्ज लगेच ओळखू येतात. त्या ओळीतला आकडा नेमका तूट भरून काढण्याइतका असतो. तिकिटाचं उत्पन्न अर्ध्या भरलेल्या जागेवर मोजा.

‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ ही ओळ लिहूच नका. त्या जुन्या सदस्यांच्या पेन्सिलीची पहिली रेघ ‘इतर: ११’ या आकड्याखाली होती. दुसरी होती ती कलावंतांच्या मानधनापेक्षा मोठ्या असलेल्या स्मरणिकेच्या छपाईखाली.

आणि तारखा बघा. बहुतेक संस्था मंजुरीआधी झालेला खर्च धरत नाहीत. खेळ होऊन गेल्यावर पैसे मागायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. निकालाला लागणारा वेळ संस्थेच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. मी त्यात दोन महिने मिळवतो आणि पहिला खेळ त्याच्या पुढे धरतो.

शेवटचं, रोखीचा ओघ. अनुदान सहसा हप्त्यांत येतं, आणि शेवटचा हप्ता अहवाल स्वीकारल्यावर. म्हणजे ६२ मंजूर झाले तरी शेवटचे १० ते १५ तुम्हाला आधी खिशातून घालावे लागतील. ते कोण घालणार हे आत्ताच ठरवा. यावरून फुटलेली मंडळं मी पाहिली आहेत. कलेवरून मंडळं कमी फुटतात.

पायरी ७: पाठवण्याआधी फोन करा

अधिकाऱ्याला फोन करायला लोक कचरतात. वशिला वाटतो त्यांना. पण माहिती विचारणं हा वशिला नव्हे, आणि चांगल्या संस्थांमध्ये ते अधिकाऱ्याचं कामच असतं. फक्त ‘आमच्याकडे लक्ष असू द्या’ म्हणू नका. नेमकं विचारा: आमचा उपक्रम दौऱ्याच्या योजनेत बसतो की प्रशिक्षणाच्या? समन्वयकाचं मानधन धरता येतं का? गेल्या फेरीत लांबच्या भागातून किती अर्ज आले? वस्तुरूप वाटा, म्हणजे रोख पैशाऐवजी जागा किंवा सामान, चालतो का? उत्तरं तारखेसह लिहून ठेवा आणि त्यांचा सारांश ई-मेलने त्यांनाच पाठवा.

आत काय घडतं तेही सांगतो. कार्यालय आधी कागदपत्रांची छाननी करतं. मग जाणकारांची समिती गुण देते. एका अर्जाला चर्चेत आठ-दहा मिनिटं मिळतात, कधी पाचच. ज्या सदस्याचा अर्जदाराशी संबंध असेल त्याने खोलीबाहेर जायचं असतं. गुणांची यादी लागल्यावर दुसरी फेरी होते, ती समतोलाची: सगळे पैसे एकाच भागात गेले का, एकाच कलाप्रकाराला गेले का. कट ऑफच्या जरा खाली असलेला लांबचा अर्ज वर येतो तो इथे. म्हणूनच तुमचं अंतर, बोली, जवळचं नाट्यगृह किती दूर, हे अर्जात ठळक असलं पाहिजे. समितीतल्या कुणाला तरी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवता आलं पाहिजे.

पायरी ८: मंजुरीनंतर

मंजुरीपत्र आलं की पेढे वाटण्याआधी अटी वाचा. पैशासाठी वेगळं खातं उघडा. भारतात केंद्र सरकारच्या अनुदानावर मिळालेलं व्याजसुद्धा तुमचं नसतं, ते परत करायचं असतं. अनुदानातून घेतलेली कायम वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले असा दाखला, द्यावं लागतं. ते अडलं की पुढची सगळी दारं बंद होतात, मग खेळ कितीही रंगलेला असो.

आधी लिहिलेला तो काल्पनिक अहवाल भिंतीवर लावा. प्रत्येक खेळानंतर त्यातल्या वाक्याचा पुरावा त्याच रात्री पाकिटात गेला पाहिजे. यजमानाचं पत्र महिन्याने मागितलं तर तो माणूस बदललेला असतो, किंवा शिक्का हरवलेला.

बेत बदलला तर आधी कळवा. एका वर्षी आमच्या दोन खेळांवर पाऊस पडला. ३,००० प्रेक्षक लिहिले होते, आले जेमतेम ४०० (हो, तेव्हा मी अहवाल आधी लिहीत नव्हतो). हे आम्ही थेट शेवटच्या अहवालात लिहिलं. हप्ता सहा महिने अडकला. अधिकाऱ्याने नंतर सांगितलं की त्याच आठवड्यात दोन ओळींचं पत्र आलं असतं तर खेळ पुढे ढकलायला लगेच मान्यता मिळाली असती. आकडा कमी आला याचा त्यांना राग नव्हता. फाइलमध्ये मधल्या काळाचा एकही कागद नव्हता, याचा होता.

पायरी ९: नकार, आणि त्याहून वाईट काही

नकार आला तर गुण आणि शेरे लेखी मागा. कारणं साधारण तीन जातींची असतात: योजनेत बसत नाही, बसतं पण कच्चं आहे, पक्कं आहे पण पैसे संपले. तिसऱ्या जातीचा नकार मिळालेला अर्ज जवळजवळ तसाच पुढच्या फेरीत टाकावा. पहिल्या जातीचा कितीही घासला तरी उपयोग नाही, दार बदला. निकष जाहीर करणं, निकालाची यादी प्रसिद्ध करणं आणि नकाराचं कारण देणं हे त्या संस्थेचंही देणं आहे. मागताना संकोच करू नका.

हातभर अंतराचं तत्त्व कायम टिकतंच असंही नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये सरकारी मदत मिळालेल्या छायाचित्र-प्रदर्शनांवर अश्लीलतेचा आरोप होऊन झालेल्या वादानंतर १९९० मध्ये निधी देताना सभ्यतेच्या निकषांचा विचार करावा, असं कलम कायद्यात आलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ते उचलून धरलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलने लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराला नियमित अनुदानाच्या यादीतून वगळलं आणि राजधानीबाहेर जाण्याच्या अटीवर वेगळा निधी देऊ केला. प्रदेशांकडे पैसा वळवणं हे त्यामागचं एक कारण होतं. म्हणजे प्रदेशाच्या बाजूने घेतलेला निर्णयही कुणाच्या तरी पोटावर येतो. मे २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या केंद्रीय संस्थेने आधी मंजूर केलेली, काम चालू असलेली कित्येक अनुदानं ई-मेल पाठवून रद्द केली.

म्हणून दोन गोष्टी मी आता नियमाने करतो. मंडळाच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नात एका संस्थेचा वाटा निम्म्याच्या वर जाऊ देत नाही. वरच्या उदाहरणातले ६२ एका प्रकल्पाचे आहेत. वर्षभराच्या हिशेबात तेच ३५-४० वर आले पाहिजेत. आणि खर्चाची बिलं वर्षाअखेरीपर्यंत साठवत नाही, योजनेत परवानगी असेल तर दर महिन्याला सादर करतो. अनुदान रद्द झालं तर त्या तारखेपर्यंतचा खर्च मागण्याची सोय अनेक करारांत असते, पण ती बिलं कागदावर आलेली असतील तर. तुमच्या मंजुरीपत्रात ते कलम आहे का, ते सही करण्याआधी शोधा. बहुतेक शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात असतं.